टॉप मॉडेल, पांदण रस्ता आणि रमचा ग्लास

प्रश्न : आम्ही कारंजा (घाडगे) तालुक्यातले संत्रा बागायतदार. यंदा मोठी, आलिशान एसयूव्ही घ्यायचं ठरलं आहे. नागपूरच्या शोरूममध्ये एकाच गाडीच्या तीन ट्रिम दाखवल्या. खालच्या आणि वरच्या ट्रिममध्ये आठ लाखांचा फरक आहे. विक्रेता म्हणतो, एवढी गाडी घेताच आहात तर टॉपच घ्या. घरी ऐंशी वर्षांची आई, आम्ही दोघं, आणि सुट्टीत पुण्याहून येणारे मुलगा, सून, नातू. कोणती ट्रिम घ्यावी? दुसरा प्रश्न मुलाचा. तो पुण्यात घरी रमची कॉकटेल्स बनवतो, पण दर वेळी ती सरबतासारखी गोड होतात. ती सुधारायची कशी? दिवाळीत इकडे आल्यावर बागेत मित्रांसाठीही तीच करू म्हणतो. करावीत का?
– एक वाचक, कारंजा (घाडगे), जि. वर्धा

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे, म्हणून ते आधी देतो. नको.

वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ साली आली. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. वर्ध्यात मात्र ती टिकून आहे, आणि तिचं कारण या मातीतच आहे. गांधीजी १९३६ साली सेगावात राहायला आले, पुढे त्या गावाचं सेवाग्राम झालं. १९४१ साली त्यांनी रचनात्मक कार्यक्रमाची पुस्तिका लिहिली. त्यात जातीय ऐक्य आणि अस्पृश्यता निवारण यांच्या पाठोपाठ तिसरं कलम दारूबंदीचं आहे. बंदी असूनही गावोगाव चोरून दारू मिळते, हे तुम्हाला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. तिच्याविरुद्ध गावातल्या बायका किती वर्षं भांडत आल्या आहेत, तेही ठाऊक आहे. आपल्या बागेत पाहुण्यांना ग्लास देताना त्या बायकांच्या घरांकडे पाठ फिरवावी लागेल. माझ्या मनाला ते पटत नाही.

कायद्याचं सांगायचं तर मुलाने पुण्याचा परवाना खिशात ठेवला म्हणून इथे बाटली चालेल असं धरून चालू नका. दारूबंदीच्या जिल्ह्यात बाटली आणणं, बाळगणं, दुसऱ्याला पाजणं, सगळंच अंगाशी येतं. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली ज्या गाडीतून माल आला ती गाडीसुद्धा जप्त होऊ शकते. कोंढाळी ओलांडून नागपूर जिल्ह्यातून तुम्ही आपल्या जिल्ह्यात शिरता तेव्हा डिकीत काय आहे, यावर तुमची नवी कोरी गाडी अवलंबून असेल. बागेतल्या त्या संध्याकाळी पाहुण्यांना काय द्यायचं, ते शेवटी सांगतो. त्यासाठी माझ्याकडे चांगला उपाय आहे.

आता गाडी.

ट्रिम म्हणजे एकाच गाडीचे वेगवेगळे थर. सांगाडा तोच असतो, बहुतेक वेळा इंजिनही तेच असतं. बदलतात ती चाकं, सीट, दिवे, काचा, स्पीकर, कॅमेरे आणि बाहेरची सजावट. ट्रिमच्या नावांवरून फारसं काही कळत नाही. ऑडीवाले ‘प्रीमियम प्लस’ आणि ‘टेक्नॉलॉजी’ म्हणतात, बीएमडब्ल्यूच्या एक्स वनला ‘एक्सलाईन’ आणि ‘एम स्पोर्ट’ अशी नावं आली. नाव बाजूला ठेवा आणि शोरूमवाल्याकडून तिन्ही ट्रिमची छापील यादी मागून घ्या. घरी ओसरीवर बसून एकेका ओळीपुढे एकच प्रश्न लिहा : ही गोष्ट मला पुढे बाहेरून बसवता येईल का? पायपुसणी, डॅशकॅम, मोबाईलचा चार्जर, सीट कव्हर ही सगळी नागपुरात कुठेही मिळतात. सस्पेन्शन, हेडलाईट, सीटमधला पंखा, एअरबॅग, मागच्या माणसाचा एसी हे नंतर बसवता येत नाही. पैसे घालायचे ते या दुसऱ्या यादीवर.

पैशाचा हिशोबही नीट करा, कारण आठ लाखांचा फरक आठ लाखांवर थांबत नाही. महाराष्ट्रात वीस लाखांच्या वरच्या गाडीला एकरकमी रस्ता कर पेट्रोलसाठी १३ टक्के आणि डिझेलसाठी १५ टक्के आहे. म्हणजे डिझेल गाडी असेल तर वाढीव आठ लाखांवर एक लाख वीस हजार नुसता कर. विम्याचा हप्ताही गाडीच्या किमतीवर ठरतो, त्यामुळे तोही दर वर्षी थोडा जास्त. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस कापला जातो, पण तो आयकराच्या विवरणात वळता करता येतो, त्याची पावती जपून ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवरचा जीएसटी उपकर काढून सरसकट ४० टक्के झाला. त्याआधी उपकर धरून तो ५० टक्क्यांपर्यंत जात होता. म्हणून कुणी जुन्या दरपत्रकावर बोलत असेल तर नवं मागा.

आता मुख्य मुद्दा : चाकं. वरच्या ट्रिमचा सगळ्यात डोळ्यांत भरणारा भाग तोच असतो आणि आपल्या भागात सगळ्यात त्रास देणाराही तोच. एक उदाहरण घेऊ. खालच्या ट्रिमला २३५/६० आर १८ टायर आहे आणि वरच्या ट्रिमला २५५/४५ आर २०. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा आकडा त्या रुंदीच्या किती टक्के टायरच्या कडेची उंची आहे ते सांगतो. २३५ चे ६० टक्के म्हणजे १४१ मिलिमीटर. २५५ चे ४५ टक्के म्हणजे सुमारे ११५. दोन्ही चाकांचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच, पण रिम आणि रस्ता यांच्यामधलं रबर इंचभराने कमी झालं. खड्ड्यात चाक आदळलं की मार झेलतं ते हेच इंचभर रबर. ते नसलं की मार रिमला लागतो, आणि रिममधून आईच्या कमरेला.

हे मी नुसतं कागदावरून सांगत नाही. माझ्या मावसभावाने तीन वर्षांपूर्वी अशीच वीस इंची चाकांची गाडी घेतली. आर्वीच्या पुढे साकवाच्या तुटक्या कडेला डावं पुढचं चाक घासलं आणि टायरची कड बोटभर लांब फाटली. कडेच्या फाटीला पंक्चर काढता येत नाही, टायर बदलावाच लागतो. त्या मापाचा टायर नागपुरात नव्हता. मागवून येईपर्यंत अकरा दिवस गाडी अंगणात जॅकवर उभी होती, आणि त्याच आठवड्यात त्याच्या मुलीला परीक्षेसाठी अमरावतीला न्यायचं होतं. शेवटी दुधाच्या गाडीतून गेली पोर. तेव्हापासून गाडीची गोष्ट निघाली की मी आधी टायरचं माप विचारतो.

स्टेपनीचंही असंच. बऱ्याच आलिशान गाड्यांना आता रनफ्लॅट टायर असतात, डिकीत स्टेपनी नसते. हवा गेल्यावर असा टायर साधारण ८० किलोमीटर चालतो, तेही ताशी ८० च्या आत. कारंज्याहून नागपूर जवळपास तेवढंच. म्हणजे एका दमात नागपूर गाठता येईल, पण रविवारी संध्याकाळी दुकान उघडं असायला हवं. स्टेपनी मिळत असेल, बारीकशी का असेना, तर ती घ्या. ट्रिम निवडताना हा प्रश्न तुम्हालाच विचारावा लागेल, समोरून कुणी सांगत नाही.

बागेच्या पांदण रस्त्याबद्दल थोडं. चारही चाकांना ताकद देणारी ट्रिम बरी, पण तिच्यावर फार विसंबू नका. आपली काळी माती ओली झाली की टायरच्या खाचांत गच्च बसते. दहा पावलांत टायर गुळगुळीत लाडू होतो आणि मग ताकद दोन चाकांना असो की चार, गाडी जागेवरच फिरते. वर्ध्यात अजून एक आठवण सांगतात. सेगावचा रस्ता पावसाळ्यात असा व्हायचा की जमनालाल बजाजांच्या जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपून ती ओढत नेत, आणि बैलांची फोर्ड म्हणून तिला ‘ऑक्सफर्ड’ म्हणत. जुलै-ऑगस्टात पांदणीवर ट्रॅक्टरच न्या, ही गाडी डांबरावर उभी ठेवा.

दिव्यांवर मात्र सढळ हाताने खर्च करा. आपल्याकडे रात्रीच्या रस्त्यावर रोही येतो, रानडुकरांचा कळप येतो, बिनदिव्याची बंडी येते. रोह्याचा रंग अंधारात डांबरासारखाच दिसतो, आणि तो पळता पळता अचानक उलट वळतो. समोरच्या गाडीला न दिपवता बाकीचा रस्ता उजळून टाकणारे, आपोआप वळणारे दिवे मधल्या किंवा वरच्या ट्रिममध्ये मिळतात. शोरूममध्ये दिवसा ते कुणी पाहत नाही. चाचणीची गाडी संध्याकाळी सातनंतर मागा आणि कोंढाळीच्या बाजूने एक फेरी मारून या.

दुसरा खर्च सीटवर. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. दुपारी दोन वाजता अंगणात उभ्या गाडीत बसलं की पाठ चिकटते. सीटमधून थंड हवा सोडणारी सोय आपल्या भागात चैन म्हणून मोजूच नये. ती फक्त पुढच्या दोन सीटना आहे की मागेही, हे बघा, कारण तुमच्या आई मागे बसणार. मागच्या बाजूला वेगळं एसी नियंत्रण आणि दाराच्या काचेला ओढायचा पडदा असेल तर उत्तम. काळी फिल्म लावू म्हणाल तर नियम आडवा येतो. पुढच्या-मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे. छताच्या मोठ्या काचेचा नातवाला आनंद होईल, पण मे महिन्यात तिचा पडदा दिवसभर ओढलेलाच राहील. काचेचं छत फक्त वरच्या ट्रिममध्येच असेल तर त्यापायी वर चढू नका. पांढरं किंवा फिकं चामडं घेऊ नका. काळ्या मातीचे बूट आणि संत्र्याचा रस, दोन्हींचे डाग त्यात मुरतात.

गाडीला स्वतःहून ब्रेक लावणारी, अंतर राखणारी यंत्रणा, ज्याला सगळे अडास म्हणतात, ती घ्यावी. तिचा खरा उपयोग समृद्धी महामार्गावर. मुलाकडे पुण्याला जाताना तुम्ही विरुळच्या बाजूने समृद्धीवर चढाल. नागपूर ते शिर्डीचा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, आणि जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर रस्ता खुला आहे. कारसाठी वेगमर्यादा १२०. सरळसोट रस्ता, झाडं नाहीत, वळणं नाहीत, डोळ्यावर झापड येते. पुढच्या गाडीपासून अंतर राखणारं यंत्र तिथे मदतीला येतं, पण चालक जागा नसेल तर ते त्याची जागा घेऊ शकत नाही. दर दीड-दोन तासांनी उतरून पाणी प्या. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या आकड्याप्रमाणे भरा. ऊन आहे म्हणून हवा कमी ठेवायची, ही आपल्याकडची जुनी समजूत घातक आहे. कमी हवेच्या टायरची कड चालताना जास्त वाकते, वाकली की तापते, आणि तापलेल्या सिमेंटवर १२० च्या वेगात तीच फुटते.

तर माझं मत : मधली ट्रिम. त्यात दिवे, सीटचा पंखा, मागचा एसी आणि अडास मिळत असेल तर पुढे जाऊ नका. यातलं एखादं फक्त वरच्या ट्रिममध्ये असेल तर वरची घ्या, पण लहान चाकांचा पर्याय लेखी मागा, काही कंपन्या देतात. स्पीकरची संख्या, दाराच्या पट्टीतला रंगीत उजेड, बंपरवरची चकचकीत पट्टी यांना पुढे गाडी विकताना फारशी किंमत येत नाही. सही करण्याआधी आईंना घेऊन जा. त्यांना हात न देता मागच्या दारातून चढता-उतरता येतं का, बसल्यावर गुडघे पोटाशी येतात का, हे त्याच ट्रिमच्या गाडीत बघा. दुसऱ्या ट्रिमच्या गाडीत बसवून ‘ही पण अशीच आहे’ म्हणतील, ते ऐकू नका.

पेट्रोल गाडी घेणार असाल तर एक शेवटचं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, त्यामुळे गाडीच्या पुस्तकात ई ट्वेंटी चालतं असं लिहिलेलं आहे ना, ते वाचा. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून मायलेज थोडं कमी पडतं. या इथेनॉलचा एक भाग उसाच्या मळीतून येतो. रमही त्याच मळीतून येते, आणि तिथून मी मुलाच्या प्रश्नाकडे वळतो.

त्याच्याकडे पुण्यात रीतसर परवाना आहे असं धरून लिहितो. त्याची कॉकटेल्स गोड होतात याचं कारण मला बहुधा कोलाची बाटली वाटते. आपल्याकडची काळी रम मुळातच व्हॅनिला आणि जळक्या साखरेच्या वासाची असते. त्यात २०० मिलिलिटर कोला ओतला की वीसेक ग्रॅम, म्हणजे चार-पाच चमचे साखर आणखी गेली. मग वरून लिंबाचे दोन थेंब टाकून काही होत नाही. त्याला कोला आठवडाभर बाजूला ठेवायला सांगा आणि मोजायला शिकवा. ६० मिलिलिटर रम, २५ मिलिलिटर ताजा लिंबाचा रस, १५ मिलिलिटर साखरेचा पाक. पाक म्हणजे सारख्या मापाची साखर आणि पाणी, नुसतं विरघळवलेलं. क्युबातल्या डायकिरी नावाच्या खाणीच्या गावावरून जे पेय ओळखलं जातं, त्याचा गाभा एवढाच आहे. डोळ्याच्या अंदाजाने ओतणाऱ्याचा हात नेहमी पाकाकडे झुकतो. औषधाच्या बाटलीचं टोपण चालेल, पण मोजावं.

बर्फाबद्दल लोकांची समजूत उलटी असते. पेय पातळ होईल म्हणून दोनच खडे टाकतात, ते लगेच वितळतात आणि पेय पातळ तर होतंच, गारही होत नाही. बर्फ भरपूर आणि मोठा घ्यावा. झाकणाच्या डब्यात रम, लिंबू, पाक आणि मूठमूठ बर्फ घालून दहा-बारा सेकंद जोरात हलवावं, डब्याला बाहेरून दव धरलं की गाळून घ्यावं. हलवताना जे पाणी सुटतं तेही पेयाचाच भाग आहे, त्यानेच रमचा झणका बसतो. फ्रीजरमधला बर्फ मात्र एकदा हुंगून बघा. शेजारी लसणाची चटणी किंवा मासळी असेल तर तो वास बर्फात उतरतो, आणि तो वास कुठल्याही महागड्या रमने झाकला जात नाही. लिंबू कागदी, त्याच दिवशी पिळलेलं, आणि बी चुरडेपर्यंत पिळलेलं नको, कडवट होतं. शेवटी चिमटीच्या टोकावर मावेल एवढं मीठ. मिठाने गोडवा मागे सरतो आणि लिंबू पुढे येतं.

त्याला वेगळी रम हवी असेल तर गोव्यातली ‘माका झाय’ बघावी, नाव कोकणी आहे, अर्थ ‘मला हवंय’. पण आधी माप सुधारावं, मग बाटली. आणि ग्लास हातात घेण्याआधी गाडीची किल्ली सुनेकडे द्यावी. आपल्याकडच्या रमवर सहसा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे ६० मिलिलिटरमध्ये वीस ग्रॅम शुद्ध मद्य, ते शरीरातून जायला दोन तासांहून जास्त वेळ लागतो. रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की मोटार वाहन कायद्याचा गुन्हा, आणि कायद्याच्या आधी रस्त्यावरचं माणूस.

आता बागेतली संध्याकाळ. इंग्रजीत ज्याला पंच म्हणतात तो शब्द आपल्या ‘पाच’वरूनच गेला असं मानतात. सतराव्या शतकात कंपनीच्या वखारीतले लोक इथे पाच वस्तूंचं पेय करायला शिकले : मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला किंवा चहा. पाचातली चार आजही तुमच्या स्वयंपाकघरात आहेत. पाचवीच्या जागी काय घालायचं याचं उत्तर वर्ध्यानेच देऊन ठेवलं आहे.

१९३४ साली ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचं ठाणं वर्ध्याच्या मगनवाडीत, सूत्रं जे. सी. कुमारप्पांच्या हाती. या मंडळींनी शिंदीच्या आणि ताडाच्या झाडांच्या रसाचा गूळ करण्याचं काम हाती घेतलं होतं. झाडाचा रस पहाटे ताजा उतरवला की नीरा, आणि ऊन चढल्यावर आंबला की ताडी. तो आंबण्याआधी कढईत आटवला की ताडगूळ. जे झाड माणसाला झिंगवत होतं, त्याच झाडाने त्याला गूळ द्यावा, असा तो विचार होता. ताडगूळ तोंडात धरून बघा. उसाच्या गुळापेक्षा गडद, थोडा धुरकट, किंचित खारट. काळ्या रममध्ये लोकांना जे आवडतं ते पुष्कळसं याच चवीत आहे. खादी-ग्रामोद्योगाच्या दुकानांत ताडगूळ मिळतो, न मिळाल्यास काळसर, रसायन न घातलेला उसाचा गूळ घ्या.

सहा जणांसाठी असं करा. ४०० मिलिलिटर उकळतं पाणी घेऊन त्यात तीन चमचे कडक चहापत्ती चार मिनिटं झाकून ठेवा, गाळा, गार करा. दारूचा घोट जिभेला जो आवळतो ते काम इथे चहाचा तुरटपणा करतो, म्हणून चहा फिका नको. दुसरीकडे ६० ग्रॅम ताडगूळ तेवढ्याच पाण्यात, दोन लवंगा, बोटभर दालचिनी आणि अंगठ्याएवढं ठेचलेलं आलं घालून पाच मिनिटं मंद उकळा. आलं सोलू नका, नुसतं धुऊन ठेचा. घशात उतरणारी ऊब त्यातूनच येते. गार झाल्यावर गाळून चहात मिसळा. त्यात ६० मिलिलिटर लिंबाचा रस, पाव लिटर संत्र्याचा रस आणि शेंदेलोणाची चिमूट. दिवाळीला आंबिया बहार नुकता सुरू होत असतो, फळात आंबटपणा असतो, या पेयाला तोच हवा. मृग बहाराचं फळ वापराल तेव्हा लिंबू थोडं वाढवा. हे सगळं मिश्रण निदान तीन तास फ्रीजमध्ये राहू द्या, मसाला आणि चहा एकमेकांत मुरतात. पाहुणे आले की ग्लासात मोठा बर्फ, वर हे पेय, आणि अगदी शेवटी दोन बोटं थंड सोडा. सोबत ताटलीत वर्ध्याच्या गोरस भांडाराचा गोरस पाक ठेवा. गाईच्या तुपाची ती खुसखुशीत वडी या तुरट-आंबट पेयाबरोबर खाऊन बघाच.

आणि साल. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ, तिची सुरेख पट्टी निघत नाही, पण तेल भरपूर. लहानपणी आपण सगळ्यांनीच ती एकमेकांच्या डोळ्यांवर पिळली आहे. तेच इथे करायचं. नखाएवढा तुकडा घ्या, रंगीत बाजू ग्लासाकडे धरा आणि दोन बोटांत चटकन मोडा. संध्याकाळच्या उजेडात बारीक फवारा ग्लासावर उडताना दिसतो. हे काम नातवाकडे द्या, आणि त्याला सांगा, पहिला ग्लास पणजीचा.